आगत्ती ते लेह: साडेसव्वीसशे किलोमीटर आणि दोन दिवस

कोणत्याही दोन विमानतळांची नावं मोबाइलवर टाका, उत्तर लगेच हजर होतं. लक्षद्वीपमधलं आगत्ती आणि लडाखमधलं लेह ही जोडी घातली तर साधारण २६५० किलोमीटर आणि तीन तास वीस मिनिटं असं काहीतरी दिसेल. आकडा मिनिटापर्यंत नेमका असतो, म्हणून तो कुणीतरी मोजलेला असणार असं वाटतं. पण आगत्तीहून लेहला थेट जाणारं प्रवासी विमानच नाही. त्या तीन तास वीस मिनिटांचं तिकीट कुठल्याही खिडकीवर मिळत नाही.

मग हा आकडा येतो कुठून, आणि खरा वेळ किती लागतो? हे समजून घ्यायला मी मुद्दाम ही आडवाटेची जोडी घेतली आहे. एक विमानतळ प्रवाळाच्या बेटावर, समुद्राच्या पातळीला. दुसरा हिमालयात, १०,६८२ फुटांवर. आणि दोघांना जोडणारी रेघ आपल्या गोव्याच्या अगदी जवळून जाते.

समजा, उत्तर गोव्यात पेडण्यातल्या एका घरातली लेक नवऱ्याच्या नोकरीमुळे आगत्तीला राहते आणि तिचा भाऊ सैन्यात, लेहला. यंदा भाऊबीजेला तिनेच भावाकडे जायचं ठरवलं. मोबाइल सांगतो तीन तास वीस मिनिटं. म्हणजे सकाळी निघून दुपारच्या जेवणाला भावाकडे? तिच्यासोबत हा प्रवास कागदावर करून पाहू.

आधी अंतर

अंतर काढायला विमान लागत नाही, नकाशाही लागत नाही. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश पुरेत. आगत्ती १० अंश ४९ मिनिटं उत्तरेला, लेह ३४ अंश ८ मिनिटं उत्तरेला. फरक २३ अंश १९ मिनिटांचा. एका अंशाची साठ मिनिटं (ही घड्याळाची नव्हेत), म्हणजे १३९९ मिनिटं. इथे एक जुनी सोय कामी येते. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. मैलाची व्याख्याच तशी बेतलेली आहे, आणि आज तो १.८५२ किलोमीटर धरतात. ज्यांच्या घरात कुणी तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारा, आहे त्यांना हा मैल नवा नाही. तर उत्तरेकडे जायचं १३९९ मैल.

आता पूर्वेकडे किती सरकायचं? आगत्तीचा रेखांश ७२.१८, लेहचा ७७.५५. फरक ५.३७ अंशांचा. पण रेखांशाच्या रेघा ध्रुवाकडे जाताना जवळ जवळ येतात, त्यामुळे विषुववृत्तावर एका अंशात जेवढी जमीन मावते तेवढी वर मावत नाही. दोन ठिकाणांच्या मधला अक्षांश साडेबावीस आहे. त्याची कोसाइन ०.९२४. तिने गुणलं की ५.३७ चे ४.९६ अंश होतात, म्हणजे २९८ मैल.

उत्तरेला १३९९, पूर्वेला २९८. आता शाळेतला पायथागोरस: दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर १४३० मैल, म्हणजे २६४९ किलोमीटर. मोबाइल हेच काम गोलाच्या पक्क्या सूत्राने करतो आणि त्याचंही उत्तर २६४९ च्या आसपासच येतं. वही-पेन घेऊन हे गणित एकदा तरी करून पाहावं असं मला मनापासून वाटतं. आकडा आपल्या हातून निघाला की त्याच्यात काय आहे आणि काय नाही हे दोन्ही कळतं. वरच्या गणितात विमान कुठेच आलेलं नाही. वारा, धावपट्टी, दिल्लीची गर्दी यांपैकीही काही नाही. आहेत ते फक्त दोन बिंदू आणि एक गोल.

हा पायथागोरस सगळीकडे मात्र चालत नाही. गोव्यातला मोपा विमानतळ ते लंडनचा गॅटविक घेतला तर त्याच पद्धतीने जवळजवळ ७९०० किलोमीटर येतात. खरं अंतर आहे साडेसात हजारांहून थोडं जास्त. पावणेचारशे किलोमीटरची चूक. कारण लांबच्या आणि पूर्व-पश्चिम पल्ल्यात पृथ्वीची गोलाई दुर्लक्षिता येत नाही. घरात पृथ्वीचा गोल असेल तर त्यावर गोवा आणि लंडन यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. दोरा जिथून जाईल तोच सर्वांत जवळचा मार्ग, त्यालाच बृहद्‌वृत्त म्हणतात. तोच मार्ग भिंतीवरच्या सपाट नकाशावर काढला की उत्तरेकडे फुगलेला दिसतो आणि विमान उगाच वळसा घेतंय असं वाटतं. भिंतीवर बहुधा असतो तो मर्केटरचा नकाशा, १५६९ मधला. तो दिशा बरोबर राखण्यासाठी केलेला होता, खलाशांना हवा होता. अंतर दाखवणं हे त्याचं काम नव्हतंच.

दोन संकेतस्थळांवर अंतरात आठ-दहा किलोमीटरचा फरक दिसला तर घाबरायचं कारण नाही. एकाने पृथ्वी पूर्ण गोल धरलेली असते, त्रिज्या ६३७१ किलोमीटर. दुसऱ्याने ती ध्रुवांपाशी चपटी धरलेली असते, कारण खरंच ध्रुवाकडची त्रिज्या विषुववृत्ताकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरांनी कमी आहे. आगत्ती-लेहसारख्या उभ्या अंतरात त्याने दहाएक किलोमीटर कमी भरतात. विमानाला ते अंतर कापायला मिनिटभरही लागत नाही.

गोव्याच्या बाबतीत याहून मोठा घोळ नावाचा होतो. इथे विमानतळ दोन. दाबोळीचा संकेत जीओआय, मोपाचा जीओएक्स. मोपाहून प्रवासी वाहतूक ५ जानेवारी २०२३ ला सुरू झाली, त्याआधी ‘गोवा’ म्हटलं की दाबोळीच. नुसतं ‘गोवा’ टाकलं की यंत्र कुठला बिंदू उचलेल सांगता येत नाही. दोघांमध्ये सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटर आहेत, पण टॅक्सीने जायचं तर वाटेत झुवारी, मांडवी आणि शापोरा ओलांडाव्या लागतात आणि रस्ता साठ किलोमीटरांच्या वर जातो. तिकिटावर जीओएक्स असताना वास्कोला, म्हणजे दाबोळीला, पोचलेला माणूस एवढं अंतर तासाभरात कापू शकेलच असं नाही, म्हणून हा संकेत आधी वाचायचा, वेळ नंतर. सिंधुदुर्गातलं चिपी तर मोपापासून सरळ रेषेत ४५ किलोमीटरांच्या आसपासच आहे. उत्तर गोव्यातल्या माणसाला तोही पर्याय हाताशी असतो.

रेघ गोव्याजवळून

आता आगत्ती-लेह रेघ नकाशावर ओढू. आगत्तीहून ती उत्तरेला, जराशी पूर्वेकडे कलून निघते. पेडण्याच्या समोर येते तेव्हा ती किनाऱ्यापासून पन्नास-साठ किलोमीटर समुद्रात असते. विजयदुर्गाच्या आसपास ती जमिनीवर चढते, सह्याद्री ओलांडते, दिल्लीच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर हरियाणातून जाते आणि हिमाचलच्या डोंगरांवरून लेहला पोचते.

म्हणजे आपल्या बहिणीने आगत्ती-मोपा-दिल्ली-लेह असा प्रवास केला तर तिला वळसा किती पडेल? आगत्ती ते मोपा ५७७ किलोमीटर, मोपा ते दिल्ली १४६३, दिल्ली ते लेह ६२२. बेरीज २६६२. थेट रेघ होती २६४९. फरक १३ किलोमीटर! तीन तुकड्यांचा प्रवास, मध्ये दोन थांबे, आणि वाकडी वाट जेमतेम म्हापसा ते पणजी एवढी. हा हिशोब मी पहिल्यांदा मांडला तेव्हा मला फार आनंद झाला होता. वाट वाकडी नाही, म्हणजे वेळ वाढतो तो अंतरामुळे नाही. मग कशामुळे?

विमान कोणतं, हा पहिला प्रश्न

मोबाइलवरचा वेळ काढायची रीत साधी आहे: अंतराला ताशी आठशे किलोमीटरने भागा. २६४९ भागिले ८०० म्हणजे तीन तास एकोणीस मिनिटं. काही ठिकाणी चढ-उताराचा म्हणून अर्धा तास वर घालतात. आठशे हा मोठ्या जेट विमानाचा वेग. दिल्ली-मुंबईसाठी तो धरला तर गैर नाही. पण आगत्तीला जेट विमान उतरत नाही.

आगत्तीचं बेट चिंचोळं, धावपट्टी त्याच्या दक्षिण टोकाला, दोन्ही अंगांना समुद्र. लांबी जेमतेम सव्वा किलोमीटर. १८० प्रवाशांच्या एअरबसला नेहमीच्या वापरासाठी साधारण दोन किलोमीटर तरी धावपट्टी हवी. म्हणून आगत्तीला जातं ते एटीआर ७२, पंख्यांचं, सत्तरेक प्रवाशांचं विमान. ते कमी जागेत उतरतं आणि कमी जागेत उडतं, पण त्याचा वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास. गोव्यातल्याच फ्लाय९१ या कंपनीने २०२४ मध्ये मोपाहून आगत्तीची सेवा सुरू केली, तीही याच विमानाने. मोपा-आगत्तीचे ५७७ किलोमीटर मोबाइलच्या रीतीने पाऊण तासाच्या आत संपतात. एटीआरने मात्र नुसती वरची वाटचालच सव्वा तासाच्या जवळ जाते, आणि सगळं धरून तास-पस्तीस मिनिटं. दुपटीहून जास्त.

मग त्याच एटीआरने पुढे लेह का गाठू नये? कारण भरलेल्या एटीआरचा पल्ला दीड हजार किलोमीटरच्या आसपास. साडेसव्वीसशेचा प्रवास त्याच्या टाकीत बसत नाही. जेटला पल्ला आहे, पण आगत्तीत धावपट्टी नाही. एटीआरला धावपट्टी पुरते, पण पल्ला नाही. रोजच्या प्रवासी वाहतुकीतलं कुठलंच विमान या रेघेच्या दोन्ही टोकांना एका उड्डाणात शिवू शकत नाही. त्यामुळे मधे कुठेतरी विमान बदलावंच लागतं. माझ्या मते दूरच्या कुठल्याही दोन विमानतळांबद्दल विचार करताना किलोमीटर नंतर बघावेत. आधी विचारावं, इथे कोणतं विमान उतरतं आणि तिथे कोणतं. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

दुसऱ्या टोकाला लेहची अडचण वेगळी. तिथे धावपट्टी पुरेशी आहे, पण हवा विरळ. १०,६८२ फुटांवर हवेचा दाब समुद्रपातळीच्या साधारण दोन-तृतीयांश उरतो. पंखांना उचल मिळायला हवा लागते आणि इंजिनाला जोर यायलाही हवाच लागते. तिथे दोन्हींची टंचाई. त्यामुळे लेहहून उडताना विमानाला जमिनीवर सुमारे सहाव्या हिश्शाने जास्त वेग घ्यावा लागतो, तोही कमी जोराच्या इंजिनावर. ऊन चढलं की हवा आणखी पातळ होते, शिवाय दुपारी दऱ्यांतून वारे सुटतात. डोंगर इतके जवळ आहेत की एका बाजूने उतरायचं आणि त्याच बाजूने परत निघायचं, अशी तिथली रीत आहे. या सगळ्यामुळे लेहची प्रवासी उड्डाणं मुख्यतः सकाळी आटोपतात.

आपल्या बहिणीचे दोन दिवस इथे ठरतात. आगत्तीहून ती कितीही लवकर निघाली तरी त्याच सकाळी दिल्ली गाठून लेहचं विमान पकडणं शक्य नाही. म्हणून दिल्लीत रात्र.

तिकिटावरची वेळ कशी भरते

मोपा ते दिल्ली १४६३ किलोमीटर. आठशेने भागलं तर एक तास पन्नास मिनिटं. तिकिटावर मात्र अडीच तास, कधी पावणेतीन लिहिलेले असतात. मधली मिनिटं कुठे जातात हे विमानात बसल्या बसल्या पाहता येतं.

तिकिटावर लिहिलेली सुटण्याची वेळ ही उडण्याची वेळ नसते. चाकांपुढे ठेवलेले ठोकळे काढून विमान जागेवरून हलतं, ती वेळ असते. आणि पोचण्याची वेळ म्हणजे दुसऱ्या टोकाला चाकांना पुन्हा ठोकळे लागतात ती. या दोन ठोकळ्यांमधल्या वेळेला विमानवाले ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, तिथली रांग आणि दिल्लीत उतरल्यावर टर्मिनलपर्यंतचा लांबलचक फेरा हे सगळं मोडतं.

उडाल्यावरही लगेच आठशेचा वेग लागत नाही. १०,००० फुटांच्या खाली साधारणपणे २५० नॉट्सची, म्हणजे ताशी ४६० किलोमीटरची मर्यादा असते. उतरताना त्याहून लांब पल्ला सावकाश जातो. वैमानिकांचा एक ठोकताळा आहे: दर हजार फूट खाली यायला तीन सागरी मैल धरायचे. ३६,००० फुटांवरून उतरायला १०८ मैल, म्हणजे २०० किलोमीटर. दिल्लीहून मोपाला येणारं विमान साताऱ्याच्या आसपास असतानाच खाली यायला लागतं. कानात दडे बसायला सुरुवात होते आणि बाहेर बघावं तर अजून घाटावरचीच शेतं दिसत असतात.

हा चढ-उतार आणि जमिनीवरची ये-जा मिळून जेट विमानाला अंदाजे पस्तीस मिनिटं धरा, एटीआरला पंचवीस. अंतर लहान असो की मोठं, ही मिनिटं बहुतेक तेवढीच राहतात. त्यामुळे दिल्ली-लेहच्या ६२२ किलोमीटरना नुसत्या भागाकाराने सत्तेचाळीस मिनिटं आणि प्रत्यक्षात तास-वीस मिनिटं लागतात. लंडनच्या प्रवासात हीच पस्तीस मिनिटं कुणाच्या लक्षातही येत नाहीत. प्रवासाचे जितके तुकडे तितक्या वेळा ही भर पडते.

तर अंदाजाचं सूत्र असं: जेट असेल तर किलोमीटर भागिले ८००, अधिक पस्तीस मिनिटं. एटीआर असेल तर भागिले ५००, अधिक पंचवीस. प्रत्येक टप्पा वेगळा मांडायचा. बहिणीसाठी: आगत्ती-मोपा एक तास पस्तीस मिनिटं, मोपा-दिल्ली दोन तास पंचवीस, दिल्ली-लेह एक तास बावीस. एकूण पाच तास बावीस मिनिटं विमानात.

आगत्तीची विमानसेवा रोज हव्या त्या मार्गावर असेलच असं नसतं, वेळापत्रकंही बदलत राहतात. मोपाचं विमान त्या दिवशी नसेल तर कोचीमार्गे जावं लागेल. आगत्ती-कोची ४६७, कोची-दिल्ली २०४८, दिल्ली-लेह ६२२. एकूण ३१३७ किलोमीटर. मोपामार्गे जाण्यापेक्षा ४७५ किलोमीटर जास्त. आणि विमानातला वेळ? त्याच सूत्राने पाच तास बावन्न मिनिटं. फक्त अर्धा तास जास्त, कारण वाढलेलं अंतर एटीआरऐवजी जेटच्या वाट्याला आलं. कोचीचं विमान सकाळचं आणि मोपाचं दुसऱ्या दिवशीचं असेल तर लांबच्या वाटेने ती एक दिवस आधी पोचेल. तिकीट काढून देणारी जाणती माणसं म्हणूनच नकाशा बघत नाहीत, ती आधी वेळापत्रक उघडतात.

वारा

आखातात घरची माणसं असलेल्या गोंयकारांना हे अनुभवाने माहीत असतं: थंडीच्या दिवसांत दुबईला जाताना वेळ जास्त लागतो, परतताना कमी. उत्तर भारतावरून हिवाळ्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे वरच्या थरात जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला तो समोरून लागतो, येणाऱ्याला पाठीमागून. (दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तिकिटावर दोन्हीकडच्या स्थानिक वेळा असतात, त्यामुळे नुसती वजाबाकी केली तर जाण्याचा वेळ दीड तासाने कमी आणि येण्याचा दीड तासाने जास्त दिसतो. तो फरक वाऱ्याचा नव्हे.)

जाताना जे जातं ते येताना भरून निघतं, असं वाटणं साहजिक आहे. तसं होत नाही. २००० किलोमीटरचा पल्ला, विमानाचा वेग ८००, समोरून १०० चा वारा: जायला २ तास ५१ मिनिटं. परतताना तोच वारा मागून: २ तास १३ मिनिटं. बेरीज पाच तास चार मिनिटं. वारा नसता तर बरोबर पाच तास लागले असते. कारण साधं आहे, विरोधी वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, साथीच्या वाऱ्यात कमी वेळ असतं.

आपली रेघ मात्र दक्षिणोत्तर. तिथे हा वारा बाजूने लागतो. विमान नाक थोडं पश्चिमेकडे वळवून उडतं, म्हणजे वाऱ्याने ढकलूनही ते रेघेवर राहतं. ताशी १५० चा आडवा वारा असला तरी आठशेचा वेग जमिनीवर ७८६ पडतो, एवढाच तोटा. मोपा-दिल्ली मार्गावर जाण्या-येण्याच्या वेळांत दुबईसारखा मोठा फरक दिसत नाही तो यामुळे.

हवेतली कुंपणं

रस्त्याला नदी आडवी येते तशा हवेत सीमा आडव्या येतात. दाबोळी हा नौदलाचा तळ, आयएनएस हंसा. कामाच्या दिवशी सकाळचे काही तास तिथे नौदलाच्या सरावासाठी राखलेले असतात, आणि दाबोळीच्या वेळापत्रकात त्या तासांना प्रवासी विमानं कमी का दिसतात याचं उत्तर हे आहे. देशभर अशी राखीव हवाई क्षेत्रं विखुरलेली आहेत. विमानं त्यांना वळसा घालत, ठरवून दिलेल्या बिंदूंवरून जातात. त्यामुळे प्रत्यक्ष उडालेलं अंतर रेघेपेक्षा नेहमीच थोडं जास्त भरतं.

कधी हा वळसा फार मोठा होतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, आणि युरोपकडे जाणारी भारतीय विमानं दक्षिणेकडून फिरून जाऊ लागली. विमानतळ जागचे हलले नाहीत, अंतराचा आकडा तोच राहिला, वेळ मात्र वाढला. गोव्याने याचा एक जुना नमुनाही पाहिला आहे. पोर्तुगीज काळात, १९५५ मध्ये, टाइप नावाची विमानसेवा दाबोळीहून सुरू झाली. भोवताली भारत आणि मधे नाकेबंदी. दमण, दीव आणि पुढे कराची अशी तिची वाट होती. त्या वेळी गोव्याच्या माणसाला आकाशातून मुंबईपेक्षा कराची गाठणं सोपं होतं.

आणि पाऊस. जून-जुलैत गोव्याच्या आकाशात घिरट्या घालणारं विमान कुणी पाहिलं नाही? ढग खाली आले, धावपट्टी दिसेना, की वैमानिक पुन्हा वर जातो, थोडा थांबतो, पुन्हा प्रयत्न करतो आणि नाहीच जमलं तर दुसऱ्या शहराला नेतो. त्यासाठीचं इंधन निघतानाच भरलेलं असतं: ठरलेल्या ठिकाणी जायला, तिथून पर्यायी विमानतळापर्यंत आणि वर राखीव. आगत्तीच्या बाबतीत हा हिशोब आणखी कडक, कारण बेटाच्या चहूकडे पाणी आहे आणि पर्यायी विमानतळ शेकडो किलोमीटरवर. हे वजन विमान दरवेळी वाहून नेतं, मग पाऊस असो वा नसो.

बहिणीचं प्रत्यक्ष वेळापत्रक

पहिल्या दिवशी आगत्तीहून एटीआर, मोपाला उतरणं. पुढचं विमान संध्याकाळचं निघालं तर मधले तास पेडण्याला आईकडे काढता येतील, विमानतळ तालुक्यातच आहे. हीच वाट कोचीवरून गेली तर हे सुख नाही. मात्र दोन्ही तिकिटं वेगवेगळ्या कंपन्यांची असतील आणि आगत्तीचं विमान उशिरा आलं तर पुढच्या कंपनीवर थांबण्याचं बंधन नसतं, म्हणून मधे भरपूर तास ठेवायचे. रात्री दिल्ली. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून लेहचं विमान, सकाळीच भावाच्या हाती.

त्या सकाळी लगेच फिरायला निघता येत नाही. समुद्रपातळीवरून एकदम साडेदहा हजार फुटांवर गेलेल्या शरीराला विरळ हवेची सवय व्हायला डॉक्टर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांची विश्रांती सांगतात. म्हणून भाऊबीजेच्या आदल्या दिवशी तरी पोचलेलं बरं. आगत्तीहून निघायचा दिवस त्याच्याही आदला. आणि माहेरचं कुणी आधी तिच्याकडे जाणार असेल तर लक्षद्वीपचा प्रवेश परवाना त्याही आधी काढून ठेवावा लागेल.

परतीचा हिशोब सोपा पडतो. लेहची विमानं सकाळी सुटतात, त्यामुळे दुपारच्या आत दिल्ली, संध्याकाळी मोपा. रात्र आईकडे काढायची आणि दुसऱ्या दिवशी विमान असेल तर आगत्ती.